राजाचा हातगुण

प्रश्न असा आहे: "मध्ययुगात युरोपातले राजे नुसता हात लावून रोग बरे करत, असं वाचलं. हे खरं आहे का? लोक खरंच बरे होत होते? होत नसतील तर शेकडो वर्षं ते कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? राजे ढोंगी होते की लोक भोळे? आणि हे सगळं बंद कसं पडलं?"

मी क्षयरोगाचा डॉक्टर. इतिहास हा माझा छंद, पोट त्यावर चालत नाही. पण ज्या रोगावर हे राजे हात ठेवत, तो रोग आजही माझ्या ओपीडीत येऊन बसतो. म्हणून या एका विषयावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

आधी थोडक्यात सांगतो. राजे हात लावत होते, यात शंका नाही. त्याचे हिशेब, नोंदवह्या, डायऱ्या शिल्लक आहेत. हा दावा मुख्यतः दोन राजघराण्यांचा, फ्रान्सचं आणि इंग्लंडचं. सुरुवात अकराव्या-बाराव्या शतकात. इंग्लंडमध्ये तो १७१४ पर्यंत चालला, फ्रान्समध्ये १८२५ पर्यंत. राजा सगळे रोग बरे करतो असं कुणी म्हणत नव्हतं. त्याचा रोग ठरलेला होता: गंडमाळा. इंग्लंडमध्ये या रोगाला 'राजाचा रोग' असंच नाव पडलं होतं. आणि हो, त्यातले पुष्कळ लोक पुढेमागे बरे होत. हाताचा त्यात वाटा नव्हता, पण लोकांना तसं का वाटलं हे मला पुरतं समजतं.

गंडमाळा म्हणजे मानेतल्या लसिकाग्रंथींचा क्षय. आधी जबड्याखाली किंवा मानेच्या बाजूला एक गाठ येते, मग तिच्याशेजारी दुसरी, तिसरी; माळेसारख्या. दुखत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी मऊ पडते, आत पू होतो, पण नेहमीच्या गळवासारखी ती तापत नाही, लाल होत नाही. मग फुटते आणि वाहत राहते. हे वाहणं कधी वर्षभर चालतं. मान, गाल, कानाखालची कातडी विद्रूप होते. पण फुफ्फुसाचा क्षय जसा माणसाला खाऊन टाकतो तसं यात सहसा होत नाही. रोगी जगतो. औषधाविनासुद्धा गाठी कधी आपोआप बसतात, पुन्हा वर येतात, पुन्हा बसतात, आणि कित्येकदा शेवटी सुरकुतलेला वण ठेवून रोग थंडावतो. युरोपात याचं प्रमाण मुलांमध्ये फार होतं, कारण गाईंच्या क्षयाचे जंतू कच्च्या दुधातून थेट त्यांच्या घशात जात. आपल्याकडे दूध उकळून पिण्याची सवय असल्याने तो मार्ग बराचसा बंद राहिला. आपल्या गंडमाळा बहुतेक माणसाकडून माणसाला लागलेल्या क्षयाच्या.

आता ज्या चमत्काराला वर्षानुवर्षं टिकायचं आहे त्याने कोणता रोग निवडावा? महारोग निवडला तर बोटं परत येत नाहीत. आंधळेपण निवडलं तर दुसऱ्या दिवशी फजिती. प्लेग निवडला तर रोगी आठवड्यात मरतो. गंडमाळेत मात्र रोगी मरत नाही, रोग दिसतो सगळ्यांना, आणि त्याचा चढउतार आपला आपण चालू असतो. राजांनी बसून असा रोग निवडला असं मी म्हणत नाही. सुरुवातीच्या कथांमध्ये महारोग आहे, ताप आहे, आंधळेपण आहे. फ्रान्सचा राजा रॉबेर, ज्याला 'धर्मशील' म्हणत (राज्यकाळ ९९६ ते १०३१), तो महारोग्यांना क्रुसाची खूण करून बरं करी असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत बाकीचे रोग गळत गेले आणि गंडमाळा तेवढी उरली. जिथे गुण येताना दिसला तिथे गर्दी वाढली, जिथे दिसला नाही तिथे लोक यायचे थांबले. गाळणी लोकांनीच लावली.

हा सोहळा कसा होई ते पाहायचं तर इंग्लंडचा दुसरा चार्ल्स घ्यावा. आपल्याला हा राजा परका नाही. पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न करताना मुंबई ज्याला आंदण मिळाली आणि ज्याने १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, तोच हा. त्याच्या बापाचं, पहिल्या चार्ल्सचं, डोकं १६४९ मध्ये संसदेच्या माणसांनी उडवलं होतं. अकरा वर्षं देशात राजाच नव्हता. १६६० च्या मे महिन्यात चार्ल्स परत आला आणि जुलैत त्याने व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउसमध्ये रोग्यांना हात लावायला बसून दाखवलं. याच इमारतीसमोर बापाचा वध झाला होता.

जॉन एव्हलिन नावाचा डायरी लिहिणारा गृहस्थ त्या दिवशी हजर होता. राजा सिंहासनावर बसलेला. शल्यचिकित्सक एकेका रोग्याला पुढे आणून गुडघ्यावर बसवत. राजा दोन्ही हात एकदम त्याच्या गालांवरून फिरवी आणि शेजारी उभा असलेला पुरोहित बायबलमधलं वाक्य म्हणे, की त्याने त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना बरं केलं. सगळ्यांचं झालं की पुन्हा तीच रांग. या खेपेला राजा प्रत्येकाच्या गळ्यात पांढऱ्या फितीत ओवलेलं सोन्याचं नाणं घाली. पुढच्या वर्षी सॅम्युएल पीप्सनेही हा प्रकार पाहिला आणि लिहिलं, की राजाने फार गंभीरपणे सगळं केलं, पण मला ते काम ओंगळ आणि बावळट वाटलं. पीप्स सरकारी नोकर, राजाच्या बाजूचा माणूस, तरी असं लिहितो. म्हणजे त्या काळी सगळेच डोळे मिटून बसले होते असं समजू नका.

तरीही रोग्यांची रीघ थांबली नाही. चार्ल्सच्या पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत, राजाच्याच एका शल्यचिकित्सकाने छापलेल्या आकड्यांप्रमाणे, ९० हजारांहून जास्त लोकांना हात लावला गेला. त्या वेळी इंग्लंडची लोकसंख्या जेमतेम ५० लाख होती, हे लक्षात घ्या. गर्दी आवरायला पद्धती बसवाव्या लागल्या. गावच्या पाद्रीकडून दाखला आणायचा, की या माणसाला आधी कधी राजस्पर्श झालेला नाही. मग राजाच्या शल्यचिकित्सकाकडून तपासून घ्यायचं आणि तिकीट मिळवायचं. उन्हाळ्यात सोहळा बंद, कारण उकाडा, गर्दी आणि साथीची भीती. १६८४ च्या मार्चमध्ये एव्हलिन लिहितो, की तिकिटासाठी शल्यचिकित्सकाच्या दारात एवढी चेंगराचेंगरी झाली की सहा-सात माणसं दगावली.

'आधी कधी हात लावलेला नाही' हा दाखला कशाला? नाण्यासाठी. सोन्याची आशा धरून लोक दोन-दोनदा येत. हा पैशांचा भाग जुना आहे. तेराव्या शतकात पहिला एडवर्ड प्रत्येक रोग्याला एक पेनी देई, म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास. त्या पेन्यांचा हिशेब दानाच्या वह्यांत मांडलेला असल्यामुळेच आज आपल्याला रोगी मोजता येतात. एका वर्षात, १२८९-९० मध्ये, सतराशेहून जास्त. पुढे सातव्या हेन्रीने पेनीच्या जागी सोन्याचं 'एंजल' नाणं आणलं. त्याच्यावर सैतानरूपी अजगराला मारणारा देवदूत मायकेल, आणि किंमत साडेसहा शिलिंगांच्या वर, म्हणजे साध्या मजुराची दोन आठवड्यांहून जास्त कमाई. गरीब, खंगलेल्या क्षयरोग्याच्या हातात एवढा पैसा आला, त्यातून महिनाभर घरात दूध-मांस आलं, तर प्रकृती थोडी सुधारणारच. आजही आपलं सरकार क्षयरुग्णाला औषधाबरोबर पोषणासाठी दरमहा १००० रुपये देतं, ते काही उगाच नाही. अर्थात बहुतेक जण नाणं मोडत नसत, ताईत म्हणून गळ्यात ठेवत. नाणं हरवलं की गाठी परत येतात, अशी समजूत होती. डॉक्टर म्हणून मला ही समजूत फार मोलाची वाटते. रोग परत का आला याचं उत्तर त्यात आधीच तयार आहे, आणि त्यात राजाचा दोष नाही.

आता मूळ प्रश्न: लोक बरे होत होते का?

यात चार-पाच गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. पहिली वर सांगितलीच, रोगाचा आपला चढउतार. माणूस लांबचा प्रवास करून राजाकडे कधी जातो? रोग सगळ्यात जास्त बळावलेला असतो तेव्हा. चढ संपला की उतार येणारच, आणि त्याच सुमाराला राजाचा हात लागलेला असतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक मानेतली गाठ क्षयाची नसते. दात किडून, घसा बिघडून, डोक्यात खरूज होऊन आलेलं अवधाण काही आठवड्यांत बसतं. आजही सुईने गाठीतला नमुना काढून तपासल्याशिवाय मी नुसत्या बोटांनी शंभर टक्के सांगत नाही. सतराव्या शतकातल्या शल्यचिकित्सकाची बोटं कितीही सराईत असली तरी त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय नव्हती. तिसरी, राजाने मुदत दिलेली नसे. आज हात लावला आणि पुढच्या वर्षी गाठ बसली तरी श्रेय राजाचं. गाठ अर्धी बसली तरी श्रेय राजाचं. चौथी, ज्यांना गुण आला नाही ते गप्प बसत, किंवा आपली श्रद्धा कमी पडली असं स्वतःला समजावत.

पाचवी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. त्या काळच्या इतर उपचारांशी तुलना केली तर राजाचा हात सगळ्यात निरुपद्रवी होता. शल्यचिकित्सक गाठी चाकूने कापत, जहाल लेपांनी जाळत, पारा देत. क्षयाची गाठ अर्धवट कापली की ती जागा वाहत राहते. आज एमबीबीएसचा विद्यार्थीसुद्धा ती कापायला धजत नाही. राजाकडे गेलेला रोगी निदान या सगळ्यातून काही महिने सुटे.

याचं एक उदाहरण नावानिशी सांगता येतं. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन. लहानपणीच त्याला गंडमाळा झाल्या. लिचफील्डमधल्या एका नामांकित वैद्याच्या सल्ल्यावरून त्याच्या आईने अडीच वर्षांच्या पोराला लंडनला नेलं आणि ३० मार्च १७१२ रोजी अॅन राणीने त्याला हात लावला. हिऱ्यांनी मढलेली, काळं शिरोवस्त्र घेतलेली एक बाई, एवढी धूसर आठवण त्याला म्हातारपणीही होती. गुण काही आला नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि तिचे वण जन्मभर मानेवर राहिले, डोळाही अधू झाला. तरी राणीने घातलेलं नाणं त्याने मरेपर्यंत गळ्यातून काढलं नाही. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जॉन्सन हा भोळा माणूस नव्हता. पण राजघराण्याशी निष्ठा हा त्याच्या राजकारणाचा भाग होता, आणि गळ्यातलं नाणं त्या निष्ठेत बसत होतं.

इथून तुमच्या 'ढोंगी की भोळे' या प्रश्नाकडे येतो. माझं स्पष्ट मत असं, की हात लावणाऱ्यांची संख्या आणि सोहळ्याचा थाट गादी किती डळमळीत आहे त्यावर ठरत असे. रोग तोच, वैद्यक तेच. बदले ते राजकारण.

सुरुवातच पाहा. फ्रान्समध्ये कापे घराणं नवं होतं, आधीच्या घराण्याकडून गादी घेऊन बसलेलं, आणि त्यांच्याच काळात ही शक्ती उगवली. इंग्लंडने १०६६ पूर्वीच्या एडवर्ड राजाची कथा पुढे केली. त्याने म्हणे एका तरुण बाईच्या मानेवर पाण्यात बोटं बुडवून हात फिरवला आणि आठवड्यात गाठी गेल्या. ११२५ च्या सुमाराला विल्यम ऑफ माम्सबरी हा भिक्षू-इतिहासकार चिडून लिहितो, की ही शक्ती एडवर्डच्या साधुत्वाची होती, राजरक्ताची नव्हे, आणि काही लोक हल्ली भलतंच सांगत सुटले आहेत. म्हणजे ते 'भलतं' सांगणारे दरबारात होतेच. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये गिबेर हा मठाधिपती लिहितो, की आमच्या सहाव्या लुईला हात लावताना मी स्वतः पाहिलं आहे, त्याच्या बापाकडेही, म्हणजे पहिल्या फिलिपकडे, ही शक्ती होती, पण पापांमुळे गेली. आणि इंग्लंडचा राजा तर असलं धाडसच करत नाही. पापं कोणती ते गिबेर सांगत नाही. दुसऱ्याची बायको आणून ठेवल्याबद्दल पोपने फिलिपला बहिष्कृत केलं होतं, हे मात्र सगळ्या युरोपला ठाऊक होतं.

१३४० ची गोष्ट तर मला फार आवडते. फ्रान्सच्या गादीवर हक्क कुणाचा, यावरून इंग्लंडचा तिसरा एडवर्ड आणि फ्रान्सचा सहावा फिलिप यांचं भांडण पेटलं होतं. शंभर वर्षांचं युद्ध म्हणतात ते हेच. एडवर्डचा एक दूत, डोमिनिकन पंथाचा बिशप, व्हेनिसच्या दरबारात मदत मागायला गेला. त्याने सांगितलं, की आमच्या राजाने फिलिपला तोडगे सुचवले आहेत. एकतर द्वंद्वयुद्ध करू. नाहीतर तू भुकेल्या सिंहांसमोर जाऊन उभा राहा, कारण खऱ्या राजाला सिंह इजा करत नाहीत. नाहीतर रोग्यांना बरं करून दाखव, जसे खरे राजे करतात. फिलिपने अर्थातच यातलं काही मानलं नाही. पण कुठे काय बोललं जातंय ते पाहा: परराष्ट्राच्या दरबारात, युद्धाच्या तोंडावर, वकिली युक्तिवाद म्हणून.

पुढेही तेच. चौथा हेन्री हा प्रोटेस्टंट राजा कॅथलिक होऊन फ्रान्सच्या गादीवर आला, तेव्हा राज्याभिषेकाचं रँस शहर शत्रूच्या ताब्यात होतं. अभिषेक शार्त्रला उरकावा लागला, अभिषेकाचं पवित्र तेलही दुसऱ्या ठिकाणचं वापरावं लागलं. मग १५९४ च्या ईस्टरला पॅरिसमध्ये त्याने सहाशेहून जास्त रोग्यांना हात लावला. शंकेखोरांना उत्तर मिळालं. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथला १५७० मध्ये पोपने बहिष्कृत केलं. तिचा हात चालूच राहिला, आणि तिच्या बाजूचे लोक म्हणू लागले, की देवाने तिला टाकलं असतं तर गुण आला असता का? दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस मुलाने, मनमथच्या ड्यूकने, १६८० मध्ये इंग्लंडच्या पश्चिम भागात फिरताना रोग्यांना हात लावला. रोग बरा करणं हा त्यातला हेतू किती आणि 'गादीचा वारस मी' हे जाहीर करणं किती, ते सांगायला नको. पाच वर्षांनी बंड करून त्याने डोकं गमावलं.

मग यातला ढोंगी कोण? पहिला जेम्स स्कॉटलंडहून आला, कडक प्रोटेस्टंट संस्कारांत वाढलेला. त्याला ही अंधश्रद्धा वाटत होती आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं. पण सल्लागार म्हणाले, बंद केलंत तर हक्कच सोडला असा अर्थ होईल. म्हणून त्याने क्रुसाची खूण तेवढी गाळली आणि बाकी चालू ठेवलं. त्याउलट तिसऱ्या विल्यमला गादी संसदेने दिली होती. त्याने नकार दिला. एकदा फारच आग्रह झाला तेव्हा हात ठेवून तो म्हणाला, "देव तुला चांगली प्रकृती देवो आणि जास्त अक्कलही." निदान तशी आख्यायिका आहे.

फ्रान्समध्ये हाच प्रकार जास्त धार्मिक वळणाने गेला. तिथे शक्ती रक्तातून येई खरी, पण रँसच्या तेलाशिवाय ती जागी होत नसे. हे तेल पाचव्या शतकाच्या अखेरीस क्लोव्हिस राजाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कबुतराने स्वर्गातून कुपीत आणलं, अशी दंतकथा. ती सांगितली रँसच्याच आर्चबिशप इंकमारने, नवव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी. अभिषेकाचा मान रँसकडे राहावा यात त्याचा उघड फायदा होता. अभिषेकानंतर राजा कॉर्बनी गावी संत मार्कूलच्या समाधीला जाई आणि मग रोग्यांना हात लावी. 'राजा तुला स्पर्श करतो, देव तुला बरं करतो' असं म्हणे. अठराव्या शतकात शब्द बदलले: 'देव तुला बरं करो'. दाव्याची प्रार्थना झाली. सोहळ्याआधी राजाने पापकबुली देऊन ख्रिस्तप्रसाद घेतलेला हवा, हा दंडक होता. चौदाव्या लुईने मरणाच्या तीन महिने आधी, १७१५ च्या जूनमध्ये, सतराशे जणांना हात लावला. पंधराव्या लुईची गाडी मात्र १७३९ मध्ये अडली. प्रेमपात्र सोडायची तयारी नाही, म्हणून पापमुक्ती नाही, म्हणून प्रसाद नाही, म्हणून स्पर्श नाही. पॅरिसच्या लोकांना कारण पुरतं माहीत होतं. पहिल्या फिलिपबद्दल गिबेरने जे म्हटलं तेच सहाशे वर्षांनी पुन्हा. व्हॉल्तेर या फ्रेंच लेखकाने टोमणा मारला होता, की चौदाव्या लुईची एक प्रेयसी गंडमाळेनेच मेली, आणि तिला तर राजाचा स्पर्श भरपूर झाला होता.

एक गोष्ट आपल्या बाजूची सांगतो. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजही मानतात. यात पायाळू माणसाने काही शिकावं लागत नाही, साधना करावी लागत नाही. गुण जन्मावरून येतो. उसणही बहुतेक आठवड्याभरात आपोआप जाते. इंग्लंड-फ्रान्सच्या खेड्यांत हाच मान सातव्या मुलाला होता: मध्ये मुलगी न होता लागोपाठ सात मुलगे झाले, तर सातव्याच्या हाताला गंडमाळेचा गुण. १६६६ मध्ये व्हॅलेंटाइन ग्रेट्रेक्स नावाचा आयर्लंडचा एक जमीनदार लंडनला येऊन हात फिरवून रोग बरे करू लागला आणि रॉबर्ट बॉइलसारखा शास्त्रज्ञ त्याचे प्रयोग बघायला बसला. हा माणूस पूर्वी क्रॉमवेलच्या सैन्यात होता, म्हणजे राजाचा शत्रू. दरबाराला ते कसं आवडणार? तेव्हा राजाचा हात हा लोकांच्या समजुतीत आधीपासून असलेल्या गोष्टीवरच उभा होता. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने १९२४ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. चमत्कार घडणारच अशी अपेक्षा आधी तयार असते आणि मग तो घडलेला दिसतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. फक्त त्यात रोगाच्या स्वभावाला मी थोडी जास्त जागा देईन.

आता शेवट कसा झाला. विज्ञानाने डोळे उघडले आणि लोक शहाणे झाले, असं उत्तर सोपं आहे, पण तारखा जुळत नाहीत. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये. क्षयावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळालं १९४० च्या दशकात. अॅन राणीने १७१४ च्या एप्रिलमध्ये शेवटचा हात लावला तेव्हा वैद्यांपाशी या रोगावर काहीही नव्हतं. तिच्यानंतर गादीवर आला तो जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज. रक्ताच्या नात्याने त्याच्यापेक्षा जवळचे कितीतरी कॅथलिक वारस डावलून संसदेने त्याला आणलं होतं. रक्तातून आलेल्या शक्तीचं प्रदर्शन करणं म्हणजे 'मग खरं रक्त कुणाचं?' हा प्रश्न स्वतःहून उकरून काढणं. त्याने सोहळा बंद केला.

तो प्रश्न विचारणारे होतेच. हद्दपार झालेले स्टुअर्ट, म्हणजे दुसऱ्या चार्ल्सच्या घराण्यातले कॅथलिक वारस, युरोपात बसून हात लावत राहिले. ब्रिस्टलचा एक मजूर १७१६ मध्ये थेट दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंला गेला, स्टुअर्ट दावेदाराचा हात लावून घेऊन बरा होऊन परतला. पुढे टॉमस कार्ट या इतिहासकाराने १७४७ मध्ये इंग्लंडच्या इतिहासाच्या एका तळटीपेत ही हकिगत घातली. राजाशिवाय दुसऱ्याच कुणाच्या हाताला गुण आहे असं छापल्यामुळे गहजब झाला आणि लंडन शहराच्या महापालिकेने त्याच्या ग्रंथाला दिलेली वार्षिक मदत काढून घेतली. तोवर तो मजूर मेलेला होता. गाठी परत आल्या होत्या.

फ्रान्समध्ये सोळाव्या लुईने १७७५ मध्ये अभिषेकानंतर २,४०० जणांना हात लावला. अठरा वर्षांनी त्याचं डोकं गेलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रँसच्या चौकात क्रांतिकारकांनी ती तेलाची कुपी हातोड्याने फोडली. राजेशाही परत आल्यावर दहाव्या चार्ल्सने कुपीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यांवरच्या तेलाने १८२५ मध्ये अभिषेक करवून घेतला. रोग्यांना हात लावावा की नाही यावर दरबारातच दोन तट होते. अखेर ३१ मे रोजी रँसच्या सेंट मार्कूल रुग्णालयात सुमारे १२० रोग्यांना त्याने हात लावला. रोगी पुढे आणणाऱ्यांत द्युप्युत्रां होता; हाताची बोटं आखडण्याच्या ज्या विकाराला आम्ही डॉक्टर आजही त्याचं नाव देतो, तोच हा शल्यचिकित्सक. नंतर रुग्णालयाच्या जोगिणींनी पाठपुरावा करून पाच जण बरे झाल्याची नोंद केली. १२० मध्ये पाच. औषधाविना गाठी बसण्याचं प्रमाण मी पाहतो त्यापेक्षा हा आकडा कमीच वाटतो, पण जोगिणींनी निदान प्रामाणिकपणे मोजलं. पाच वर्षांनी चार्ल्सची गादी गेली. त्यानंतर कुणी प्रयत्न केला नाही.

आज या घराण्यांच्या विधींत काय शिल्लक आहे असंही काही जण विचारतात. इंग्लंडमध्ये अभिषेकाचं तेल आहे. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सला ते पडद्याआड लावलं गेलं. ईस्टरआधीच्या गुरुवारी राजा जितक्या वयाचा, तितक्या ज्येष्ठ पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना खास पाडलेली चांदीची नाणी देतो. पूर्वी त्या दिवशी राजा गरिबांचे पायही धुई. ते बंद झालं. गंडमाळेचा विधी इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाच्या काही आवृत्त्यांत १७३२ पर्यंत छापला जात होता. म्हणजे करणारं कुणी नसताना आणखी अठरा वर्षं.